निष्कर्षाच्या अलीकडे

एप्रिल 2021. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती आणि ज्याच्या त्याच्या फोनवर एकाच तऱ्हेचे निरोप येत होते : अमुक रक्तगटाचा प्लाझ्मा हवा, रुग्ण अत्यवस्थ, नुकताच बरा झालेला दाता असल्यास ताबडतोब कळवा. नातेवाईक रक्तपेढ्यांचे उंबरठे झिजवत होते आणि अनोळखी माणसं रात्री-अपरात्री जाऊन प्लाझ्मा देऊन येत होती. त्या धावपळीतली माणुसकी खरी होती. पण ज्या उपचारासाठी ती चालली होती, त्याचा उपयोग होतो की नाही हे आपल्याच देशात तोवर तपासून झालं होतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 39 रुग्णालयांतल्या मध्यम स्वरूपाच्या आजाराच्या 464 रुग्णांवर चाचणी घेतली होती. सुमारे निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्मा दिला, बाकीच्यांना नुसते नेहमीचे उपचार. कोणाच्या वाट्याला काय, हे यदृच्छेने ठरवलेलं होतं, डॉक्टरच्या मर्जीने नव्हे. आजार गंभीर होण्याचं किंवा 28 दिवसांत मृत्यू येण्याचं प्रमाण प्लाझ्मा मिळालेल्यांत 19 टक्के निघालं आणि न मिळालेल्यांत 18 टक्के. हा शोधनिबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ऑक्टोबर 2020 मध्ये छापून आला. राष्ट्रीय उपचार-सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे 2021 मध्ये.

मधल्या सात महिन्यांचं काय? लोकांपर्यंत माहिती पोचली नाही, हे झालं सोपं उत्तर. माहिती पोचली होती. बातम्या आल्या होत्या, डॉक्टरांमध्ये चर्चाही झाली होती. काहींनी एक आक्षेप घेतला होता आणि तो रास्त होता : रुग्णांना दिलेल्या प्लाझ्मात प्रतिपिंडं किती आहेत हे देण्याआधी मोजलेलं नव्हतं. प्रतिपिंडंच कमी असतील तर गुण यावा कुठून? संशोधनाचं चिकित्सक वाचन म्हणतात ते हेच. अशा आक्षेपाचं निरसन कसं करायचं हेही ठरलेलं असतं. प्रतिपिंडं भरपूर असलेला प्लाझ्मा घ्यायचा आणि आणखी मोठी चाचणी करायची. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने ती 11,000 हून जास्त रुग्णांवर केली. दोन्ही गटांत मृत्यूचं प्रमाण 24 टक्के आलं. तेव्हा कुठे विषय मिटला. गंमत अशी की तोच आक्षेप काहींच्या तोंडी प्रश्न म्हणून होता आणि काहींच्या तोंडी पळवाट म्हणून. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटत होते.

कुठल्याही अभ्यासात दोन गोष्टी असतात. काय आढळलं ही एक, आणि त्यावरून संशोधकाने काय म्हटलं ही दुसरी. पहिली तक्त्यात असते. दुसरी शेवटच्या परिच्छेदात असते, सारांशात जरा जास्त ठळक असते आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात तर तिच्या अंगात वारं शिरलेलं असतं. आढळलेलं आणि म्हटलेलं यांच्यामध्ये जी जागा आहे तिची मोजणी कशी करायची, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

आपल्याकडे या बाबतीत दोन पंथ आहेत. ‘संशोधनात सिद्ध झालंय’ एवढे शब्द कानावर पडले की एक पंथ हात जोडतो. ‘हे सगळं पैसे देऊन लिहून घेतलेलं असतं’ असं म्हणून दुसरा हात झटकतो. निबंध वाचण्याचे कष्ट दोघांनीही वाचवलेले असतात. शिवाय टीका म्हणजे उणीदुणी काढणं हा समज आपल्या विद्यापीठांत इतका मुरला आहे की मार्गदर्शकाच्या निबंधात फट दाखवणारा विद्यार्थी उद्धट ठरतो. इरावती कर्व्यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांची मापं घेतली. युरोपीय वंशाची श्रेष्ठता कवटीच्या घडणीत दिसावी, ही गुरूंची अपेक्षा. मापांत ती दिसली नाही, तेव्हा त्यांनी ‘दिसली नाही’ असंच लिहिलं. परक्या देशात, पदवी ज्याच्या हातात त्याच्यासमोर. आपल्या परंपरेत उद्धटपणाचा हा चांगला नमुना आहे.

या विषयाचा इतिहास इंग्रजी पुस्तकं बहुधा 1747 पासून सुरू करतात : सॅलिसबरी जहाज, जेम्स लिंड, स्कर्व्ही झालेले 12 खलाशी आणि संत्री-लिंबं. त्याला हरकत नाही, पण मराठी वाचकाला भायखळा अधिक जवळचा. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या प्रयोगशाळेत लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांना लस टोचली, बाकीचे तसेच राहिले. लस न घेतलेल्यांत रोगी आणि मृत्यू स्पष्टपणे जास्त निघाले. या अभ्यासाचं बळ कशात आहे बघा. तुरुंग एक, भिंती त्याच, अन्न तेच, उंदीर तेच. बाहेरच्या मुंबईत चाळीत राहणारा आणि मलबार हिलवर राहणारा यांची तुलना करण्यात जी अडचण येते ती इथे आपोआप टळली. कच्चा दुवाही इथेच आहे. लस घ्यायला पुढे कोण आला? धडधाकट, तरुण, स्वतःच्या जिवाची काळजी असलेला की आधीच खचलेला? आणि टोचणीच्या दिवशीच ज्याला ताप भरला, तो कुठल्या रकान्यात मोजायचा?

हे प्रश्न तेव्हाच्या संख्याशास्त्रज्ञांच्या नजरेतून सुटले नव्हते. 1904 मध्ये कार्ल पिअर्सन यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या आणि भारतातल्या ब्रिटिश सैनिकांची टायफॉईड-लसीची आकडेवारी एकत्र करून तपासली आणि सुचवलं की आपणहून पुढे येणाऱ्यांपैकी एकाआड एकालाच लस टोचा, म्हणजे दोन्ही बाजूंना हौशीच माणसं राहतील. 1915 मध्ये ग्रीनवुड आणि यूल या दोघांनी टायफॉईड आणि कॉलऱ्याच्या लसींचे आकडे घेऊन तुलना केव्हा ग्राह्य धरायची याच्या अटीच घातल्या. दोन्ही गट महत्त्वाच्या सर्व बाबतींत सारखे हवेत. रोगाशी गाठ पडण्याची शक्यता दोघांना सारखी हवी. आणि रोग झाला की नाही हे ठरवणाऱ्याचा निवाडा, लस घेतली की नाही या माहितीपासून अलग हवा. तिसरी अट सर्वांत बारकाईची आहे. समोरच्याने लस घेतली आहे हे ठाऊक असलेला डॉक्टर त्याच्या तापाला टायफॉईड म्हणताना कचरतो. तो लबाड असतो असं नाही, त्याला तसं दिसतच नाही. पुढच्या शतकभरात या विषयात जे काही झालं, त्यातलं बरंचसं या तीन अटी पाळायच्या कशा, याचंच तंत्र आहे.

ते तंत्र शेतातून आलं. रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1920 च्या दशकात रोनल्ड फिशर यांनी दाखवलं की कुठल्या वाफ्याला कुठलं खत घालायचं हे माणसाने ठरवलं की गोंधळ होतो. ते यदृच्छेवर सोपवावं. ब्रॅडफर्ड हिल यांनी तीच पद्धत दवाखान्यात आणली. 1948 मध्ये स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली : क्षयाचे 107 रुग्ण, 55 जणांना औषध आणि 52 जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत औषधाच्या गटात 4 मृत्यू, दुसऱ्यात 14. औषधाचा तुटवडा होता म्हणूनच निम्म्यांना ते न देण्याचं नैतिक बळ मिळालं, ही या गोष्टीतली उपकथा. आणि 1956 पासून मद्रासमध्ये जे झालं ते तर आपल्या अभ्यासक्रमांत पहिल्या धड्यात असायला हवं. क्षयाचा रुग्ण सॅनिटोरियममध्ये ठेवल्याशिवाय बरा होत नाही, त्याला सकस आहार, मोकळी हवा आणि पूर्ण विश्रांती लागते, यावर तेव्हा जगात दुमत नव्हतं. मद्रासच्या गरीब वस्तीतल्या रुग्णांना यदृच्छेने घरी किंवा सॅनिटोरियममध्ये ठेवून तीच औषधं दिली. घरचे रुग्ण कमी खात होते, जास्त राबत होते, दाटीवाटीने राहत होते. तरीही ते जवळजवळ तेवढेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. 1959 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि हळूहळू जगभरातली सॅनिटोरियमं ओस पडत गेली. तर्काला पटणारी गोष्ट खरी असतेच असं नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

यदृच्छ चाचण्यांचं हे पहिलं घराणं. दुसरं घराणं नमुना पाहणीचं. ते भारतात जितकं बहरलं तितकं फार थोड्या देशांत. शितावरून भाताची परीक्षा आपण सगळेच करतो, पण ते शीत पातेल्याच्या कुठल्या भागातून उचललं हे विचारणारं शास्त्र प्रशांतचंद्र महालनोबिस आणि पां. वा. सुखात्मे यांनी इथे उभं केलं. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. या दोघांचा एक जुना वाद मुद्दाम तपशिलात सांगतो, कारण आजही महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या पीकविम्याचे पैसे त्या वादाच्या आसपास घोटाळतात.

शेतात किती पिकलं हे पूर्वी नजरेने ठरायचं. तीच आणेवारी, पुढची पैसेवारी. नजरेला हितसंबंध असतात, म्हणून पीक कापणी प्रयोग आले. शेतात यदृच्छेने एक जागा काढायची, ठराविक मापाची चौकट आखायची, त्यातलंच पीक कापून, मळून, वजन करून एकरी उतारा काढायचा. आता चौकट केवढी? महालनोबिस यांचा कल लहान चौकटींकडे होता. काम पटकन उरकतं, त्याच खर्चात जास्त शेतं होतात. सुखात्म्यांनी 1940 च्या दशकात मोठ्या आणि लहान चौकटी शेजारी शेजारी कापून दाखवलं की लहान चौकटीतून उतारा फुगून येतो. कारण काठावर आहे. 10 मीटर बाय 5 मीटरच्या चौकटीचं क्षेत्रफळ 50 चौरस मीटर आणि काठ 30 मीटर, म्हणजे चौरस मीटरमागे 60 सेंटीमीटर काठ. 1 मीटर बाय 1 मीटरच्या चौकटीला चौरस मीटरमागे 4 मीटर काठ. दोरीवर आलेलं ताट आत धरायचं की बाहेर, हा निर्णय तिथे कितीतरी पटीने जास्त वेळा घ्यावा लागतो. आणि हातात विळा असलेला माणूस, कसलाही वाईट हेतू नसताना, भरलेलं कणीस बाहेर सोडत नाही. असल्या चुकीचं वैशिष्ट्य असं की शेतं वाढवली म्हणून ती कमी होत नाही. हजार शेतांत तीच चूक हजारदा, त्याच दिशेने होते आणि सरासरी मोठ्या आत्मविश्वासाने चुकीची येते. ‘एवढ्या लाख लोकांची पाहणी’ अशा मथळ्यांनी दिपून जाण्याआधी हा काठ आठवावा.

सुखात्मे पुढे आणखी एका वादात होते आणि तो चिकित्सेच्या दृष्टीने जास्त अवघड. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अंदाज बांधताना माणशी रोज 2250 उष्मांकांची रेघ धरली. सुखात्म्यांचं म्हणणं, माणसाची गरज ही ठरीव रेघ नसते. निरोगी माणसाचीही ती दिवसागणिक, आठवड्यागणिक हलते, त्यामुळे सरासरीच्या खाली दिसणारा प्रत्येक जण कुपोषित धरता येणार नाही. दांडेकरांनी त्याला कसून उत्तर दिलं. पुण्यात राहणारे दोन मोठे अभ्यासक, आकडे बव्हंशी तेच, आणि निष्कर्षांमध्ये कोट्यवधी माणसांचा फरक. मला विचाराल तर सरासरीला सीमारेषा करू नका हा सुखात्म्यांचा संख्याशास्त्रीय मुद्दा अचूक होता. कमी अन्नाशी शरीर जुळवून घेतं, इथवर तो नेताना मात्र त्यांनी पुराव्यापेक्षा लांब उडी मारली. दांडेकर मुळात मोजत होते गरिबी, उपासमार नव्हे. दोघांचे निबंध आज शांतपणे वाचले तर वाद उत्तरांचा कमी आणि काय मोजायचं याचा जास्त होता हे दिसतं. समाजशास्त्रांतले निम्मे वाद याच जातीचे असतात.

तिसरं घराणं निरीक्षणातून कार्यकारण शोधणाऱ्यांचं. धूम्रपानाची चाचणी कोणी चिठ्ठ्या टाकून करू शकत नाही. डॉल आणि हिल यांनी 1950 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण आणि इतर रुग्ण यांच्या सवयी ताडून पाहिल्या आणि पुढे ब्रिटिश डॉक्टरांचाच वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सहसंबंधावरून कारणाकडे केव्हा जावं याचे नऊ निकष हिल यांनी 1965 मध्ये मांडले. त्यांना ते निकष म्हणणं आवडलं नसतं. त्यांनी ते विचारात घ्यायचे मुद्दे म्हणून सांगितले होते. या काळातली चटका लावणारी गोष्ट म्हणजे साक्षात रोनल्ड फिशर अखेरपर्यंत धूम्रपान आणि कर्करोगाचा संबंध नाकारत राहिले. ते स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उद्योगाचे सल्लागारही होते. पद्धत शिकवणारा माणूस पद्धतीपासून सुरक्षित नसतो.

चौथं घराणं सर्वांत गाजलेलं. आर्ची कॉक्रन यांनी 1972 मध्ये विचारलं की आपण देतो त्यातले किती उपचार खरोखर तपासलेले आहेत. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 1981 पासून डॉक्टरांना जर्नल कसं वाचावं याचे धडे लिहिले. गॉर्डन गायट यांनी 1991 मध्ये ‘एव्हिडन्स-बेस्ड मेडिसिन’ हे नाव दिलं. 1993 मध्ये कॉक्रन सहयोग सुरू झाला. पुराव्याचा पिरॅमिड, म्हणजे अभ्यासांच्या प्रकारांची विश्वासार्हतेनुसार लावलेली उतरंड, आता प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या भिंतीवर असतो. तो उपयोगी आहे, पण त्याचा जप होऊ लागला की वाचन थांबतं. आपल्याच राज्यातली दोन संशोधनं पिरॅमिडवर एकाच उंचीवर आहेत. ती वाचून बघू.

तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी झाली आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. गावांचे 52 समूह यदृच्छेने चार गटांत वाटले होते : एचपीव्ही चाचणी, पॅप चाचणी, ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि चौथा गट तपासणी न केलेला. तपासणी एकदाच, पाठपुरावा आठ वर्षं. एचपीव्ही गटात मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. डोळ्यांनी केलेल्या तपासणीने ठळक फरक पडला नाही. मग मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलने दोन्ही बाजूंना सुमारे 75-75 हजार बायका घेऊन तीच डोळ्यांची तपासणी केली, तीही आरोग्यसेविकांकडून, आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाल्याचं दाखवलं. मथळेच वाचणारा म्हणणार, संशोधक आज एक बोलतात, उद्या दुसरं.

निबंध वाचणारा आधी म्हणेल की मुंबईत तपासणीच्या दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या, उस्मानाबादेत एकच. समाधान होतं न होतं तोच तमिळनाडूतला दिंडिगुलचा अभ्यास आडवा येतो. तिथेही फेरी एकच होती, तरी मृत्यू 35 टक्क्यांनी घटले. मग तो उस्मानाबादच्या तक्त्याकडे परत जातो. डोळ्यांच्या तपासणीच्या गटात मृत्यूचं गुणोत्तर 0.86 आहे आणि त्याची विश्वासमर्यादा 0.60 ते 1.25. म्हणजे या आकड्यांशी 40 टक्के घटही सुसंगत आहे आणि 25 टक्के वाढही. मुंबईची 31 टक्के घट त्या पट्ट्यात आरामात बसते. दोन निबंध एकमेकांना खोटं पाडत नव्हतेच. ‘फरक सिद्ध झाला नाही’ याचं ‘फरक पडत नाही’ असं भाषांतर वाटेत कोणीतरी केलं.

अजून एक आकडा बघण्यासारखा आहे. ‘मृत्यू निम्म्यावर’ म्हणजे नेमके किती? एचपीव्ही गटातल्या सुमारे 34 हजार बायकांत 34 मृत्यू, तुलना गटातल्या सुमारे 31 हजार बायकांत 64. हजारी दोनावरून एकावर. दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण एक ऐकून मंत्री घोषणा करतो आणि दुसरं ऐकून अर्थखातं पेन खाली ठेवतं. वाचकाला दोन्ही मिळायला हवीत. आणि त्या 64 जणी तपासणी न मिळालेल्या गटातल्या होत्या, हेही वाचकाच्या नजरेतून सुटता कामा नये. त्यांना काय सांगितलं होतं, संमती कशी घेतली होती, यावर पुढे कडक टीका झाली. ज्ञान कोणाच्या जिवावर मिळालं, हा प्रश्न पद्धतीच्या बाहेरचा नाही.

पिरॅमिडच्या खालच्या पायरीवरचाही एक अभ्यास घेऊ. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत आरोग्यदूतांमार्फत नवजात बाळांची घरीच काळजी घेतली आणि 47 गावांशी तुलना करून 1999 मध्ये नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. गावांची वाटणी यदृच्छेने झाली नव्हती, त्यामुळे निकष लावून बसणारा दोन गुण कापेल. पण याच धर्तीवरच्या यदृच्छ चाचण्या नंतर झाल्या. उत्तर प्रदेशातल्या शिवगडला घट 54 टक्के, बांगलादेशातल्या सिल्हेटला 34, पाकिस्तानातल्या हाला इथे 15. दिशा एकच, परिणाम उतरता. बंगांचा निष्कर्ष चुकीचा होता असं यातून निघत नाही. तिथे जे 62 होतं त्यात औषधं किती, प्रशिक्षण किती आणि पिशवी घेऊन वेळेवर दारात येणारी बाई किती, हे वेगळं करायला लागतं. कार्यक्रम सरकारी झाला की पहिल्या दोन गोष्टी खरेदी करता येतात.

अभ्यास पुन्हा केल्यावर निष्कर्ष तसाच न टिकण्याचं हे संकट 2005 नंतर विज्ञानाच्या अंगणात उघडपणे आलं. जॉन आयोनिडिस यांनी बहुतेक प्रसिद्ध निष्कर्ष चुकीचे असण्याचीच शक्यता जास्त, असं गणिताने मांडलं. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ निबंधांत 97 टक्के निष्कर्ष ‘सार्थक’ होते, पुन्हा करताना 36 टक्केच तसे निघाले. ‘सार्थक’ ठरण्यासाठीच्या 0.05 च्या रेघेखाली आकडा येईपर्यंत विदा पिळत राहण्याची सवय त्यामागे होती. त्यावर उपाय म्हणून आधी आराखडा जाहीर करण्याची पद्धत रुजते आहे. भारतात वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही 2007 मध्ये सुरू झाली आणि 2009 पासून नोंदणी सक्तीची झाली. मुलाखती आणि सहवासातून होणाऱ्या गुणात्मक संशोधनाला मात्र या फूटपट्ट्या जशाच्या तशा लावू नयेत. तिथे विचारायचं ते वेगळं : संशोधक किती काळ राहिला, कोणाच्या घरी उतरला, आणि गावातल्या कुठल्या वस्तीत त्याचं पाऊलच पडलं नाही.

आता परीक्षा आपल्या आवडीच्या निष्कर्षाची. 2008 मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका पाठवल्या आणि कुठली कोणाची ते ओळखायला सांगितलं. नाणं उडवलं तरी 20 बरोबर यावेत. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी 18.4 बरोबर आली. आराखडा देखणा आहे : निकष आधी ठरलेला, पत्रिकेवर ओळख नाही, योगायोगाची पातळी माहीत. विवेकवादी वाचक इथे खूश होऊन पान उलटतो. त्याने थांबावं. सहभागी व्हायला 51 जण तयार होते, 27 जणांनीच उत्तरं दिली. उरलेले का गळले? जन्मवेळ पालकांनी सांगितलेली, ती किती नेमकी? या प्रश्नांनी निष्कर्ष कोसळत नाही. निम्मे गळूनही उरलेल्यांना योगायोगाच्या वर जाता आलं नाही, आणि एका संस्थेने सगळ्या 200 पत्रिका तपासून 102 बरोबर ओळखल्या. पण प्रश्न विचारल्यावर तो निष्कर्ष जितका भक्कम होतो तितका टाळ्या वाजवून होत नाही. नावडत्या निबंधात पद्धतीचे दोष काढणं सगळ्यांनाच जमतं. या पुस्तकातल्या लेखकांना मी एकच अट घातली होती : स्वतःला पटणारा एक तरी अभ्यास त्याच धारेने कापून दाखवा.

हे सगळं आत्ताच का? एक तर संशोधनाच्या नावाखाली छापलं जाणारं साहित्य बेसुमार झालं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांनी शिफारस केलेल्या नियतकालिकांचा नमुना 2018 मध्ये पुण्यातल्या अभ्यासकांनी तपासला, तेव्हा 88 टक्क्यांहून जास्त नियतकालिकं सुमार दर्जाची निघाली. निबंध लिहून देणारी यंत्रं आता आल्याने त्यात भर पडेल, घट नाही. उलट टोकाला, मोठं नाव हीही हमी राहिलेली नाही. मे 2020 मध्ये ‘लॅन्सेट’ने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा 96 हजार रुग्णांचा अभ्यास छापला आणि दोन आठवड्यांत मागे घेतला. ती विदा कोणालाच पडताळून बघता आली नव्हती. आणि तिसरं, मराठीत या विषयाची पाठ्यपुस्तकं आहेत ती ‘संशोधन पद्धती’ची, म्हणजे संशोधन करणाऱ्यासाठी. वाचणाऱ्यासाठी जवळपास काही नाही. खरं तर संशोधन करणारे मूठभर असतात. त्याचे परिणाम भोगणारे आपण सगळेच.

म्हणून या संग्रहाचा वाचक ठरवताना आरोग्य खात्यातला वैद्यकीय अधिकारी, जिल्हा आवृत्तीचा वार्ताहर, कृषी सहायक, पीएचडीचा विद्यार्थी आणि घरच्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या सांभाळणारी सून, अशी मंडळी डोळ्यांसमोर होती. गणित दहावीपलीकडे जात नाही. प्रत्येक लेख एकाच खऱ्या अभ्यासावर आहे आणि त्याचा मुख्य तक्ता मराठीत करून दिला आहे. वैद्यक, शेती, शिक्षण आणि अर्थकारण यांना जास्त पानं मिळाली. भौतिकशास्त्र आणि इतिहास-संशोधन यांना नाही, कारण तिथल्या पुराव्याचे नियम वेगळे आहेत आणि ते पेलणारे लेखक या खेपेला मिळाले नाहीत. लेखकांमध्ये आपसांत मतभेद आहेत. यदृच्छ चाचण्यांनी गरिबीचे प्रश्न सुटतात का, यावर दोन लेख एकमेकांच्या थेट विरोधात आहेत. ते शेजारी शेजारी ठेवले आहेत आणि मी मध्ये पडलेलो नाही.

वाचण्याच्या क्रमाबद्दल एक व्यावहारिक सूचना. प्रत्येक लेखाच्या सुरुवातीला तक्ता आहे, मूळ संशोधकांचा निष्कर्ष पुढच्या पानावर मुद्दाम उलटा छापला आहे. पान उलटण्याआधी तक्त्यावरून आपला निष्कर्ष पेन्सिलीने समासात लिहा. समास त्यासाठी रुंद ठेवला आहे. प्रकाशकांनी कागदाच्या खर्चाबद्दल कुरकुर केली, पण शेवटी मान्य केलं.